दोन पँटी, तीन शर्ट आणि लग्नातला कोट

डोळे मिटून कल्पना करा, असं सांगायची रीत आहे. पण बाळांनो, तुम्ही डोळे मिटले तर पुढचं वाचणार कोण? तेव्हा डोळे उघडेच ठेवा आणि समोरच्या भिंतीवर खुंट्यांची एक फळी आहे असं समजा. फळीला पाच खुंट्या. पहिल्या दोन खुंट्यांवर दोन पँटी, एक खाकी आणि एक पांढरी. पुढच्या तिन्हींवर तीन शर्ट, एक पांढरा, एक निळा आणि एक मातकट. आता सांगा, एवढ्या कपड्यांतून एका माणसाचे किती वेगवेगळे पोशाख होतील?

घाई नको. बोटं मोजली तरी चालतील. खाकी पँटीवर तीन शर्ट, पांढऱ्या पँटीवर पुन्हा तेच तीन शर्ट. दोन त्रिक सहा. कचेरीचे दिवसही सहाच. रविवारी लुंगी. आलं ना बरोबर? आरमोरीच्या चंदालाही बरोबर आलं होतं. ती तेव्हा चौथीत होती, आणि तिच्या बाबांनी खूश होऊन तिला लिमलेटची गोळी दिली होती. गणितात काहीही चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे झालं त्याचा दोष गणिताला देऊ नका.

चंदाचे बाबा हरिदास खोब्रागडे हे एका कचेरीत आवक-जावक कारकून होते. आलेल्या कागदावर आकडा टाकायचा, गेलेल्या कागदावर आकडा टाकायचा, हे त्यांचं काम. काम असं बिनरंगाचं, म्हणूनच की काय, कपडे मात्र रंगीत. त्यांच्या बुशशर्टांवर कोबीच्या गड्ड्याएवढी फुलं असत. पँटीचे पाय खाली इतके रुंद की चंदा लहान असताना लपाछपीत त्यातच लपायची. सगळी आरमोरी त्यांना 'फुलवाले बाबू' म्हणत असे, आणि त्यांना ते आवडत असे. फुलांमुळे त्यांच्या तोंडाकडे मात्र कोणाचं लक्ष जात नसे.

पण घरात कांताच्या लग्नाची गोष्ट निघाली. कांता ही हरिदासबाबूंची धाकटी बहीण, नुकतीच शाळेवर लागलेली. ब्रह्मपुरीला मास्तरकीचं शिक्षण घेताना नागभीडचा खुशाल तिच्या वर्गात होता. कांताला खुशाल पसंत होता आणि खुशालला कांता. ही गोष्ट दोघांनीही कोणालाच सांगितली नव्हती, त्यामुळे ती सगळ्यांना माहीत होती. आता अडत होतं ते फक्त खुशालच्या वडिलांपाशी, रामाजींपाशी. "ते नाई म्हणाले ना वहिनी, तं खुशाल त्यायचा शब्द मोडणार नाई," असं कांतानं वच्छलाबाईंना, म्हणजे चंदाच्या आईला, सांगितलं आणि पदराचं टोक पिळत बसली.

रामाजींच्या मनाचा अंदाज घ्यायला नथ्थूभाऊ नागभीडला जाऊन आले. नथ्थूभाऊ म्हणजे शेजारी. शाळेत चपराशी होते, आता निवृत्त. घंटा द्यायचं काम सुटल्यापासून ते सल्ला देत.

"जयभीम बाबू. पाहून आलो तुमचा सोयरा," त्यांनी ओट्यावर बसत सांगितलं. "माणूस लगीत साधा, एकदम साधा. पांढरी बंडी, पांढरी टोपी. भडक कपडा दिसला का तोंड फिरवते, पाहा. तुमच्या या फुलायनं सोयरीक मोडन."

"माह्या शर्टानं?" हरिदासबाबूंचा हात आपोआप छातीवरच्या एका फुलावर गेला.

"मंग? महिनाभरानं तुमाले घर पाहायले बोलावलं आहे. तवापर्यंत साध्या कपड्याची सवय करा. एकाएकी घातले तं अंगावर उसने दिसतात."

हे पटण्यासारखं होतं. सवय अंगात मुरावी लागते हे तुम्हाला पाढ्यांवरून ठाऊक आहेच. हरिदासबाबूंनी एक रविवार विचारात घालवला आणि ठरवलं: मोजके कपडे, जे कधी जुने वाटणार नाहीत आणि कोणताही कशावरही चालेल. मातीत राहायचं तर मातकट शर्ट हवा, मळ दिसत नाही. पांढरा तर हवाच. निळा आभाळाचा रंग, त्याला कोण नाव ठेवणार? पँटी दोनच, एक खाकी आणि एक पांढरी. फुलाफुलांचे शर्ट ट्रंकेत गेले. ट्रंकेचं झाकण लागताना ते दुसरीकडे पाहत होते, असं वच्छलाबाई सांगतात.

कापड घेऊन ते मोटार स्टँडजवळच्या मुखरू टेलरकडे गेले. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. गडचिरोली तेव्हा नवाच जिल्हा झाला होता. रोज एक कचेरी उघडत होती, आणि प्रत्येक कचेरीला शिपाई, चौकीदार, ड्रायव्हर, जंगल राखणारे नाकेदार लागत होते. या सगळ्यांचे गणवेश मुखरूच्या मशीनखालून जात. दोन-अडीच वर्षांत त्यानं दुसरं काही शिवलंच नव्हतं. एखाद्याचा हात जसा लिहिताना आपोआप वळतो तसा त्याचा हात गणवेशाकडे वळे.

आठ दिवसांनी शर्ट घ्यायला गेलेले हरिदासबाबू दुकानातच थिजले. तिन्ही शर्टांच्या खांद्यांवर बटणाच्या पट्ट्या होत्या. छातीवर झाकणाचे दोन-दोन खिसे होते.

"मुखरूभाऊ, खांद्यावर हे काय आहे?"

"पट्ट्या."

"त्या दिसल्या. पण काऊन?"

मुखरूला प्रश्नच कळेना. "बिना पट्टीचा खांदा म्हंजे बिना कवेलूचं घर, बाबू. बरा दिसते का?"

"अन् हे दोन खिसे?"

"एक डायरीचा, एक शिट्टीचा."

"माह्यापाशी शिट्टी नाई!"

मुखरूनं दातानं दोरा तोडला आणि समजुतीच्या सुरात म्हटलं, "आज नाई. उद्या भेटन."

पट्ट्या उसवल्या तर कापडाला भोकं राहतील, असं निघालं. नव्या कापडाला भोकं पाडणं कोणाच्या जिवावर येणार नाही? हरिदासबाबू शर्ट घेऊन घरी आले. चंदानं पुठ्ठ्यावर शाळेसारखं वेळापत्रक केलं, सोमवार ते शनिवार, कोणत्या पँटीवर कोणता शर्ट, आणि ते खुंट्यांशेजारी टांगलं. कांता म्हणाली, "दादा, तू फुलाच्या शर्टातच बरा दिसतो." पण मोठ्या कामाला लागलेला माणूस असलं कुठे ऐकतो!

सोमवारी खाकी पँट आणि पांढरा शर्ट. हरिदासबाबू पानठेल्यापाशी पोचले तेव्हा मागे चिंचेखाली चौघे पत्ते खेळत होते. एकानं वर पाहिलं. पुढच्या क्षणी चिंचेखाली कोणी नव्हतं. एक चप्पल तेवढी होती, आणि बदामची राणी. पानवाल्यानं न मागता पान लावलं आणि हळूच विचारलं, "साहेब, साध्या कपड्यात?" हरिदासबाबूंचा आ वासलेला पाहून त्यानं त्यात पान ठेवलं.

"पोलीस समजले तुमाले," नथ्थूभाऊंनी संध्याकाळी निकाल दिला. "मान वाढला म्हणा."

मंगळवारी खाकी पँट आणि निळा शर्ट. मागच्या गल्लीतून जाताना आशाबाईंनी, म्हणजे त्या गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या बाईंनी, त्यांना अडवलं. "आला का वायरमन? चार दिवसांपासून लाइन नाई, अन् आता येऊन राह्यला!" पाच-सहा बाया जमल्या. शिडी आली. ती खांबाला लागलीसुद्धा. हरिदासबाबू सांगू पाहत होते की मी कारकून आहे, पण इतक्या बायांपुढे त्यांचा आवाज खिशातल्या खिशात राहिला. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून ते केवळ मान राखायला दोन पायऱ्या चढले. आणि त्याच वेळी सगळ्या गल्लीची लाइन आली.

कशी आली, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. शिडीवर ते तसेच उभे राहिले, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून, कारण सगळ्यात जास्त धक्का त्यांनाच बसला होता, तोही विजेच्या तारेला हात न लावता. "हात लागला पाहा बाबूचा!" आशाबाई म्हणाल्या. त्या गल्लीत त्यांना आजही वायरमन म्हणतात.

आता बुधवार. वेळापत्रकात लिहिलं होतं, खाकी पँट, मातकट शर्ट. तुम्ही म्हणाल, अहो, मातकट आणि खाकी एकच दिसत असणार की! तुम्ही हुशार आहात. हरिदासबाबूंच्या ते लक्षात आलं नव्हतं, कारण त्यांनी स्वतःला दुरून कधी पाहिलं नव्हतं.

कचेरीचा एक कागद जंगलापलीकडच्या गावी पोचवायचा होता. सायकलवर बसून ते निघाले. धान निसवायला आला होता, हवा छान होती, आणि ते शीळ घालत होते. वळणावर समोरून डोक्यावर लाकडांच्या मोळ्या घेतलेल्या बाया एका ओळीत येत होत्या. पहिल्या बाईनं त्यांना पाहिलं मात्र, "नाकेदार!" अशी आरोळी उठली. धडाधड मोळ्या पडल्या आणि बाया झुडपांत नाहीशा झाल्या.

हरिदासबाबू सायकलसकट जागच्या जागी. रस्त्यावर अकरा मोळ्या आणि ते. "अहो बाई, मी कारकून आहे!" ते झाडांना उद्देशून ओरडले. झाडांनी ऐकून घेतलं.

दुसरा कोणी असता तर निघून गेला असता. पण हरिदासबाबू नीटनेटके. बिचाऱ्या बाया परत येतील, मोळ्या अशा विखुरलेल्या बऱ्या नाहीत, गाडीखाली यायच्या. म्हणून त्यांनी अकराच्या अकरा मोळ्या उचलून रस्त्याच्या कडेला आणल्या, एकीवर एक रचल्या, आणि घाम पुसत दोन पावलं मागे सरून आपलं काम पाहिलं. थप्पी अगदी सरळ आली होती.

"जंगलाच्या कोन्या राऊंडचे तुमी?" मागून आवाज आला.

मागे खरा नाकेदार उभा होता. झिंगूभाऊ त्याचं नाव. त्याच्या अंगावरही तोच शर्ट होता, त्याच पट्ट्या, तेच खिसे. हरिदासबाबूंना क्षणभर आरशात पाहिल्यासारखं झालं. फरक एवढाच की आरशातल्या माणसाजवळ शिट्टी होती.

"मी राऊंडचा नाई. मी आवक-जावकचा."

"लाकूड कोनाचं?"

"बायायचं."

"कुठी आहेत बाया?"

बाया कुठेच नव्हत्या. झिंगूभाऊंनी थप्पीला एक फेरी मारली. "हे पाहा बाबू. डोक्यावर मोळी राहती तं मी पाह्यलं न पाह्यलं केलं असतं. लोकायले चूल पेटवा लागते. पण ही थप्पी आहे. थप्पी म्हंजे साठा. अन् साठा म्हंजे केस."

"पण मी फक्त नीट रचलं!"

"तेच तं म्हणतो. काऊन रचलं?"

नीटनेटकेपणा हा गुन्हा होऊ शकतो, हे हरिदासबाबूंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तुम्ही मात्र यावरून दप्तर आवरणं सोडू नका. पंचनामा सुरू झाला. पंचनाम्याला दोन साक्षीदार लागतात, आणि तिथे माणूस एकच, तोही आरोपी. "तुमीच सही करा साक्षीदार म्हणून," झिंगूभाऊ म्हणाले, "दुसऱ्याचं पाहू." हरिदासबाबूंनी खिशातून पेन काढलं, कारण कागद दिसला की सही करायची त्यांना सवय, तेवढ्यात झुडपातून हसू फुटलं. मग दुसरं. बाया एकेक करून बाहेर आल्या. सगळ्यांच्या पुढे आशाबाई.

"अगा माय! हा तं आपला वायरमन होय!"

"वायरमन?" झिंगूभाऊ चपापले. "आता तं आवक-जावक म्हणत होता."

उलगडा व्हायला पाऊण तास लागला. बाया मोळ्या घेऊन गेल्या, जाताना थप्पीची तारीफ करून गेल्या. पण झिंगूभाऊंनी कागद उघडला होता, आणि उघडलेला कागद रिकामा मिटायचा नाही हा त्यांचा नियम. शेवटी त्यांनी मातकट शर्टाच्या दोन्ही खांद्यांवरच्या पट्ट्या ब्लेडनं काढून जप्त केल्या आणि रीतसर पावती दिली: "खांद्याच्या पट्ट्या, नग दोन, बटणासह." ती पावती हरिदासबाबूंनी घरी आणून वच्छलाबाईंना दाखवली. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली. मग म्हणाल्या, "बटनं तं मागून घ्यायची होती."

गुरुवारी पांढऱ्यावर पांढरा. पोस्टाच्या पेटीपाशी एका आजीनं त्यांच्यासमोर उभं राहून जीभ बाहेर काढली. कोणी मुद्दाम दाखवलेली जीभ न पाहणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी ती पाहिली. "गोळी देता का सुई?" आजीनं विचारलं. "पानी उकळून पेत जा आजी," हरिदासबाबू कसेबसे म्हणाले आणि जवळजवळ पळाले.

शुक्रवारी ते कचेरीत येऊन बसले आणि टपाल फोडू लागले. तिसऱ्या लिफाफ्यात एक तक्रार होती. खाली सही, 'एक जागरूक नागरिक'. त्यांनी वाचलं: "आरमोरी गावात एक अनोळखी इसम फिरत असून सोमवारी तो पोलीस, मंगळवारी वायरमन, बुधवारी नाकेदार व गुरुवारी डॉक्टर होता. इसम एकच आहे. खात्याचा बोध होत नाही. शुक्रवारी तो काय होईल या विचाराने जनता भयभीत आहे."

हरिदासबाबूंनी ती पुन्हा लिफाफ्यात सारली. पण कागद आला की आकडा टाकायचा. त्यांनी स्वतःविरुद्धच्या तक्रारीला आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि ती साहेबांसमोर ठेवली.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "खोब्रागडे, हा भामटा पकडायला पाहिजे. तुम्ही गावात फिरता, तुम्हीच चौकशी करा."

"हो साहेब."

"तुम्हाला कोणी असा दिसला का?"

"समोरून नाई दिसला, साहेब," हरिदासबाबू म्हणाले. आणि हे खोटं नव्हतं. पुढे त्यांनी त्या कागदावर 'चौकशी चालू आहे' असा शेरा मारला. तो कागद अजून कुठे तरी चालू असेल.

शनिवारी त्यांनी पोटदुखीची रजा टाकली आणि घराबाहेर पाऊल ठेवलं नाही. रविवारी नागभीडला जायचं होतं, आणि जायचं कशात हा प्रश्न होता. खाकीचं नाव काढताच त्यांच्या अंगावर काटा येई. मातकट शर्टाचे खांदे फाटलेले. निळा घातला तर वाटेत कोणी तरी शिडी आणायचं. राहिला पांढरा शर्ट आणि पांढरी पँट.

"डॉक्टर समजतील," हरिदासबाबू खचून म्हणाले.

"त्यावर कोट घाला ना!" नथ्थूभाऊंनी मार्ग काढला. "तुमच्या लग्नातला काळा कोट. डॉक्टर काई काळा कोट घालत नाई."

यात खोट काढायला जागा नव्हती. कोट निघाला. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला. बारा वर्षांत कोट होता तसाच राहिला होता, हरिदासबाबू मात्र राहिले नव्हते. बटण लावल्यावर ते श्वास अर्धाच घेत. चंदा म्हणाली, "कोट धरला तं सहा दुणे बारा पोशाख होतात, बाबा." बाबांनी या खेपेला गोळी दिली नाही.

निघताना कांता दारात उभी होती.  तिनं भावाच्या कोटावरचा एक दोरा काढून फेकला. हरिदासबाबूंच्या मनात आलं, आज काही बिघडलं तर या पोरीला तोंड कसं दाखवायचं?

वडशापर्यंत बस, तिथून नागभीडला अरुंद रुळांची छोटी रेल्वेगाडी. हरिदासबाबू रेल्वेची तिकिटं काढू लागले तेव्हा नथ्थूभाऊ म्हणाले, "तुमची तीन काढा, माह्या तिकिटाचं मी पाहतो. पाहुणा म्हणून ओझं नको." हरिदासबाबूंना गहिवरून आलं.

फलाटावर पहिल्याच माणसानं विचारलं, "साहेब, गाडी किती लेट?" दुसऱ्यानं जागा करून दिली. तिसऱ्यानं त्यांना पाहून आपलं सामान उचललं आणि फलाट सोडला. बाळांनो, तुम्हाला कळलं असेल. पांढरी पँट, पांढरा शर्ट, काळा कोट. हा पोशाख कोणाचा? हरिदासबाबूंना ते डब्यात चढल्यावर कळलं, जेव्हा समोरच्या बाकावरच्या पाचही माणसांनी एकदम आपापली तिकिटं पुढे केली.

"नाही, नाही, राहू द्या," हरिदासबाबू हात जोडून म्हणाले.

"भला टीसी आहे," कोणी तरी कुजबुजलं.

नथ्थूभाऊंनी डब्याच्या पार टोकाला दुपट्टा टाकून जागा धरली होती. वच्छलाबाई आणि चंदा तिथे पोचल्या. हरिदासबाबू मात्र तिकिटांच्या दोन रांगांमधून हात जोडत, मान हलवत, नागभीड जवळ आलं तरी एकेक पाऊल पुढे सरकत होते. खिडकीशी पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा बसला होता. त्यानं काळा कोट येताना पाहिला आणि तो बंडी चाचपू लागला. उजवा खिसा पाहिला, डावा पाहिला, पिशवी उपडी केली, तिच्यातून दोन सीताफळं आणि सुपारीचा अडकित्ता पडला. त्याच्या कपाळावर घाम आला. हरिदासबाबूंना त्याची दया आली. ते वाकून प्रेमानं म्हणाले, "काही शोधून राह्यले का, बाबा?"

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. याच वेळी गाडी एका लहानशा थांब्याजवळ मंदावली. छोटी गाडी मंदावली म्हणजे माणूस चालत उतरू शकतो. म्हाताऱ्यानं सीताफळं उचलली, पलीकडच्या दारातून खाली उडी टाकली आणि तो सरळ धानाच्या बांधावरून पळत सुटला.

बाकावर त्याची छत्री राहिली होती.

"अहो! थांबा!" हरिदासबाबूंनी छत्री उंचावून दारातून हाक मारली. म्हाताऱ्यानं वळून पाहिलं. काळा कोट, उगारलेली छत्री. त्याचा वेग दुप्पट झाला. एकदा तो बांधीतल्या, म्हणजे धानाच्या वाफ्यातल्या, चिखलात गुडघ्याएवढा बसला, उठला आणि पुन्हा पळाला. गाडी पुढे निघाली. हरिदासबाबू दारात छत्री घेऊन उभे. इतका म्हातारा माणूस इतका पळताना त्यांनी कधी पाहिला नव्हता.

नागभीडला फाटकावरच्या माणसानं कोटाकडे पाहून सलाम केला आणि चौघांनाही जाऊ दिलं. तिकिटं कोणी मागितलीच नाहीत. नथ्थूभाऊ तर सगळ्यांत आधी बाहेर पडले.

खुशालच्या घरी अंगण शेणानं सारवलेलं होतं. खुशालनं पाय धुवायला पाणी दिलं. त्याची आई मीराबाई लगबगीनं बाहेर आल्या. "या जी, बसा. आमचे हे वडशाले गेले आहेत बहिणीकडे, याच गाडीनं येतो म्हणाले होते, अजून कसे..." आणि त्यांची नजर हरिदासबाबूंच्या हाताकडे गेली. "ही छत्री तुमच्यापाशी कशी? ही तं आमची! हे पाहा, मीच 'रा' काढला आहे लाल दोऱ्यानं."

छत्रीच्या कडेला लाल दोऱ्याचा 'रा' होता. हरिदासबाबूंनी तो पाहिला. मग वच्छलाबाईंकडे पाहिलं. वच्छलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

फाटक वाजलं. दारात रामाजी. गुडघ्यापर्यंत चिखल, बंडीला धानाच्या लोंब्या, हातात दबलेली दोन सीताफळं. त्यांनी बाजेवरचा काळा कोट पाहिला आणि त्यांचा पाय उंबऱ्यावरच अडकला.

"घरापर्यंत आला!" ते ओरडले.

"बाबा, हे कांताचे दादा," खुशाल म्हणाला.

"हा? हा टीसी होय! यानं मले गाडीतून पळवलं! छत्री उगारली माह्यावर!"

"द्यायसाठी उगारली होती जी," हरिदासबाबूंचा आवाज रडवेला झाला. "मी टीसी नाई. मी आवक-जावक."

"मी तिकीट काढलं होतं!" रामाजींचं दुःख वेगळंच होतं. "चाळीस वर्षांत बिना तिकिटाचा नाई बसलो मी. पन ऐनवेळी सापडेचना. अन् तुमी पाच माणसायले सोडून माह्यावरच वाकले. आता सारी गाडी म्हणन, रामाजी फुकट्या पळाला."

"मी म्हटलं होतं, बंडीचा खिसा उसवला आहे," मीराबाई म्हणाल्या.

"तू थांब!" रामाजी खाली बसले आणि मान फिरवली. "ज्या माणसानं माही अशी फजिती केली, त्याच्या घरी सोयरीक नाई. खुशाल, त्यायले पानी दे अन् गाडीवर पोचवून ये."

खुशाल हातात लोटा घेऊन तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा पाहून हरिदासबाबूंना दारातली कांता आठवली. ते कोट काढत म्हणाले, "तुमाले साधे कपडे आवडतात म्हणून केलं जी सारं. नाई तं मी फुलाचे शर्ट घालतो."

"कपडे?" रामाजींनी मान वळवली. "कपड्याचं मी कवा बोललो?"

सगळ्यांनी नथ्थूभाऊंकडे पाहिलं. नथ्थूभाऊ वर पाहत छपराची कवेलू मोजत होते. "मीच म्हटलं आपलं," ते पुटपुटले. "निरोपाले थोडं वजन पायजे."

 पट्ट्या, शिडी, अकरा मोळ्या, आवक क्रमांक, सगळं हरिदासबाबूंच्या डोळ्यांपुढून गेलं. कोट हातातून गळून बाजेवर पडला. 

तेव्हा चंदा उठली. इतका वेळ ती गप्प बसून मोठ्या माणसांची तोंडं पाहत होती. तिनं बाजेवरचा कोट उचलला आणि अंगात घातला. कोट तिच्या टाचांपर्यंत आला, हात बाह्यांत हरवले. ती तशीच फरफटत रामाजींसमोर जाऊन उभी राहिली, बाही मागे सारून तळहात पुढे केला आणि म्हणाली, "आजा, तिकीट दाखवा."

वच्छलाबाईंनी कपाळावर हात मारला. रामाजींनी आधी कोटाकडे पाहिलं, मग कोटातून वर निघालेल्या दोन वेण्यांकडे. त्यांच्या मिशीचं एक टोक हललं. मग दुसरं.

"नाई सापडत, साहेब," ते म्हणाले, आणि हात जोडून, डोक्यावरची टोपी काढून तिच्यापुढे वाकले. "सोडा गरिबाले."

टोपीच्या घडीतून काही तरी टपकन खाली पडलं. पुठ्ठ्याचं लहानसं तिकीट.

"अरे!" रामाजी उभेच राहिले. "खिसा फाटला म्हणून टोपीत ठेवलं होतं! पाहा! पाहा ना सारे! होतं माह्यापाशी!" त्यांनी मीराबाईंना दाखवलं, खुशालला दाखवलं, हरिदासबाबूंच्या तर हातात देऊन पुन्हा काढून घेतलं. मग त्यांच्या खांद्यावर चिखलाचा हात ठेवून म्हणाले, "बाबू, बसा. खुशाल, पानी काऊन धरून उभा आहे? चहा सांग. अन् कॅलेंडर आन, साक्षगंधाचा दिवस पाहू. पन त्या दिवशी फुलाचा शर्ट घालून या, नाई तं मी पुन्हा पळीन."

चंदानं मात्र आपलं काम सोडलं नव्हतं. तिनं रामाजींकडून तिकीट मागून घेतलं, 'वडसा ते नागभीड' असं मोठ्यानं वाचलं, सुळ्या दातानं चावून त्याला भोक पाडलं आणि परत दिलं. मग कोट सावरत ती वळली, बाजेच्या टोकाला बसलेल्या नथ्थूभाऊंसमोर जाऊन उभी राहिली, आणि तळहात पुढे केला.